वाचनालयाच्या स्कॅनसाठी पोर्टेबल डिस्क: वेग बघायचा की भरवसा?

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार मंडळी. गावच्या वाचनालयातल्या जुन्या मराठी कागदांचं स्कॅनिंग चालू आहे. दिवाळी अंक, हस्तलिखित मासिकं, नाटकाच्या नकला उतरवलेल्या वह्या, सभासदांची रजिस्टरं. कागद इतका ठिसूळ झालाय की तेच पान दुसऱ्यांदा स्कॅनरवर ठेवता येईल याची खात्री नाही. एकदा निघालेली फाईल जाता कामा नये.

सध्याची स्थिती अशी. पानं ए३ पर्यंतची, ३०० डीपीआय, रंगीत, टिफ स्वरूपात. सरासरी ५० एमबीला एक पान. १८ हजार पानं झाली, अजून तेवढीच आहेत. दिवसाला ३०० पानं निघतात, म्हणजे आठवड्याला ९० जीबीची भर. स्कॅन डेस्कटॉपच्या डी ड्राइव्हवर उतरतात. ती १ टीबीची जुनी हार्ड डिस्क आता जवळपास भरली. पोर्टेबल डिस्क आली की जुनी पानं तिच्यावर हलवून जागा मोकळी करायचा विचार आहे. दर शनिवारी तीच डिस्क बसने किंवा दुचाकीवरून बेळगावला जाणार, कारण ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं) आणि मुद्रितशोधन तिथं होतं.

समितीत दोन मतं आहेत. एक, १००० एमबी/सेकंदवाली पोर्टेबल एसएसडी (चिपांवर माहिती ठेवणारी) घ्यावी. दुसरं, साधी, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क घ्यावी, तेवढ्याच पैशात दोन येतील. जूनपासून चार महिने इथं भिंतींना ओल असते आणि लाईटचा भरवसा नाही, हेही धरून सांगा की.

उद्यमबाग_हार्डवेअर (बेळगाव)

दादा, डिस्क कुठली ते नंतर बघू. "हलवून जागा मोकळी करायचा विचार आहे" हे वाक्य आधी खोडा. डी ड्राइव्हवरनं कट करून पोर्टेबलवर पेस्ट केलं की १८ हजार पानांची जगात एकच प्रत उरते, आणि तीही दुचाकीच्या डिकीत. एसएसडी असो वा हार्ड डिस्क, त्या परिस्थितीत दोन्ही सारख्याच धोक्याच्या. प्रत्येक पान दोन वेगळ्या डिस्कवर आहे आणि दोन्हीकडची फाईल उघडून तपासली आहे, एवढं झाल्याशिवाय मूळ जागेवरनं काही पुसू नका.

आता वेगाचा हिशोब. ए३ पान ३०० डीपीआयला ३५०८ गुणिले ४९६१ ठिपके, दर ठिपक्याला ३ बाइट, म्हणजे ५२ एमबी. तुमचा ५०चा अंदाज बरोबर आहे. आठवड्याचे ९० जीबी घ्या.

यूएसबी २.० वर खरा वेग ३५-४० एमबी/सेकंद मिळतो, म्हणजे ४० मिनिटं. २.५ इंची पोर्टेबल हार्ड डिस्क यूएसबी ३ ला ११० च्या आसपास लिहिते, म्हणजे १४ मिनिटं. १००० एमबी/सेकंदवाल्या एसएसडीला दीड मिनिट लागायला हवं. पण तुमच्याकडं नाही लागणार, कारण फायली येणार त्या जुन्या डी ड्राइव्हवरनं. हार्ड डिस्क बाहेरच्या कडेकडून आत भरत जाते आणि आतल्या कडेला तिचा वेग जवळजवळ निम्मा होतो. भरत आलेली १ टीबीची डिस्क शेवटच्या भागातनं ९०-१०० एमबी/सेकंदाच्या वर वाचून देत नाही. म्हणजे महागडी एसएसडी लावा नाहीतर साधी डिस्क, वाचनालयात पंधरा मिनिटंच लागणार. खोक्यावरचा वेग हा त्या वस्तूचा कमाल वेग असतो. प्रत्यक्षात साखळीतली सगळ्यात सावकाश कडी जेवढा देईल तेवढाच मिळतो.

ओसीआरलाही डिस्कचा वेग अडवत नाही. टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रॅमला एका दाट ए३ पानाला काही सेकंद लागतात, तेच पान हार्ड डिस्कवरनं अर्ध्या सेकंदात वाचून होतं. वेग खरोखर जाणवतो तो मुद्रितशोधनाला बसल्यावर. ३०० टिफचा फोल्डर उघडून सगळ्यांची छोटी चित्रं बघायची तर संगणक १५ जीबी वाचतो. हार्ड डिस्कवर अडीच मिनिटं, चांगल्या एसएसडीवर पंधरा-वीस सेकंद. दिवसभर हेच करणाऱ्याला तो फरक मोठा आहे.

माझं मत: पैसे दोन हार्ड डिस्कवर घाला. आणि डेस्कटॉपमध्ये आणखी एक सॅटा डिस्क (संगणकाच्या आत जोडायची) बसते, तीही बसवा. एका टीबीला सगळ्यात कमी पैसे तिथंच पडतात.

वेदगंगा (निपाणी)

हार्डवेअर दादांचा हिशोब पटला, पण एक जोडते. दर शनिवारी दुचाकीवर हार्ड डिस्क न्यायची हे मला पटत नाही. २.५ इंची डिस्क बंद असताना १००० जीपर्यंतचा (गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट) क्षणिक धक्का सोसते असं कंपन्यांच्या पत्रकात असतं, चालू असताना ४०० जी. आकडे मोठे वाटतात. पण टेबलावरनं फरशीवर पडलेल्या वस्तूला थांबायला एखादा मिलिमीटरच मिळतो, त्यामुळं एवढा धक्का सहज बसतो. शिवाय डब्यातला, डिकीतला, बसच्या रॅकवरचा प्रत्येक आठवड्याचा हादरा वेगळाच.

म्हणून दोन कामं वेगळी करा. ने-आण करणारी वस्तू वेगळी, सांभाळून ठेवणारी वेगळी. ने-आण फक्त त्या आठवड्याच्या ९० जीबीची आहे, तिला २ टीबी कशाला? ५०० जीबीची पोर्टेबल एसएसडी पुरते. तिच्यात फिरणारा भागच नाही, पडली तरी बहुधा काही होत नाही, आणि मुद्रितशोधनाला लागणारा वेगही तिच्यातच मिळतो. लहान घेतल्यामुळं पैसे वाचतात, त्यात सांभाळायच्या हार्ड डिस्क येतात. एसएसडीवरचं सगळं कधीही पुसलं गेलं तरी चालेल अशीच व्यवस्था ठेवायची.

एसएसडी घेताना टीएलसी आणि क्यूएलसी एवढं बघा. टीएलसीत एका पेशीत ३ बिट, क्यूएलसीत ४. दोन्ही सुरुवातीला एका राखीव भागात भराभर लिहितात. तो भाग भरला की क्यूएलसीवाली इतकी मंदावते की कधी हार्ड डिस्कही तिच्यापुढं जाते. हा राखीव भाग रिकाम्या जागेतनं तयार होतो, त्यामुळं एसएसडी ८०-८५ टक्क्यांच्या वर भरू नका. उदाहरण म्हणजे क्रुशियलची एक्स९ क्यूएलसी आहे आणि एक्स९ प्रो टीएलसी. नावात एका शब्दाचा फरक. सॅमसंगची टी७ शील्डही टीएलसी, आणि तिला आयपी६५ दर्जा आहे, म्हणजे धूळ आणि पाण्याचे शिंतोडे चालतात. बुडवून चालत नाही.

आणि फर्मवेअर, म्हणजे डिस्कच्या आतलंच सॉफ्टवेअर. २०२३ मध्ये सॅनडिस्क एक्स्ट्रीम मालिकेतल्या काही पोर्टेबल एसएसडी अचानक दिसेनाशा होत असल्याच्या तक्रारींनंतर कंपनीनं फर्मवेअर दुरुस्ती काढली होती. कुठल्याही कंपनीची घ्या, पहिल्या दिवशी तिचं सॉफ्टवेअर लावून फर्मवेअर तपासा, मगच फायली घाला.

टिळकवाडी_रिकव्हरी

दोघांचंही बरोबर आहे. डिस्क जाते कशी हे समजलं तर निवड सोपी होईल, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

हार्ड डिस्क बहुतेक वेळा सांगून जाते. फोल्डर उघडायला वेळ लागतो, एखाद्या फायलीवर कॉपी अडकते, टक-टक आवाज येतो. आवाज सुरू झाला की लगेच बंद करायची, पुन्हा पुन्हा लावून बघायची नाही; हेड (वाचणारं-लिहिणारं टोक) तबकडीवर घासत असेल तर प्रत्येक खेपेला थोडी थोडी माहिती खरवडून निघते. एसएसडी बहुधा न सांगता जाते. काल चालत होती, आज संगणकाला दिसतच नाही. कंट्रोलर (सगळं सांभाळणारी मुख्य चिप) गेला की बाकीच्या चिपा शाबूत असूनही माहिती सहसा निघत नाही, कारण ती विखरून आणि अनेकदा कूटबद्ध करून लिहिलेली असते. म्हणजे एसएसडी ने-आणीला जास्त टिकाऊ, पण गेली तर परत मिळण्याची आशा कमी. ताई म्हणाल्या तसं तिच्यावर एकमेव प्रत नकोच.

बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी आपल्याकडच्या हार्ड डिस्कांचे आकडे जाहीर करते. २०२४ मध्ये त्यांच्याकडं वर्षाला १.५७ टक्के डिस्क गेल्या. पण त्या थंड खोलीत, कायम चालू, रॅकला घट्ट बसवलेल्या ३.५ इंची डिस्क. पिशवीत फिरणाऱ्या डिस्कला तो आकडा लावू नका. तरीसुद्धा एवढ्या जपणुकीत शंभरातल्या एक-दोन जातात, यावरनं दुसऱ्या प्रतीची गरज कळेल.

आता एसएमआर. आजच्या २ टीबी आणि त्यापुढच्या बहुतेक २.५ इंची पोर्टेबल डिस्क एसएमआर असतात आणि खोक्यावर तसं लिहिलेलं नसतं. खानापूरकडं कौलारू घरं आहेत, त्यामुळं हे लगेच समजेल. या डिस्कमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवून लिहितात, म्हणून तेवढ्याच तबकडीत जास्त माहिती मावते. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावर आलेली कौलं उचलावी लागतात. तसं मधली एक फाईल बदलली की डिस्कला शेजारचा अख्खा पट्टा वाचून पुन्हा लिहावा लागतो. हे काम लांबवण्यासाठी ती आधी एका साध्या पट्ट्यात लिहिते आणि मोकळा वेळ मिळाला की आवराआवर करते. त्या पट्ट्याची जागा संपली की ११० चा वेग २०-३० वर येतो. डिस्क बिघडली असं समजून लोक केबल ओढतात, आणि तिथंच घोटाळा होतो. तुमचं काम एकदा लिहायचं आणि ठेवायचं, त्यासाठी एसएमआर चालते. फक्त तिच्यावर ओसीआरच्या फायली रोज खोडा-लिहा करू नका, आणि मोठी कॉपी झाल्यावर अर्धा तास नुसती जोडून ठेवा.

दुसरं, काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं सॉकेट थेट डिस्कच्या मुख्य बोर्डावर असतं, आत सॅटा जोड नसतोच. काहींत बोर्ड सगळी माहिती आपोआप कूटबद्ध करतो, तुम्ही पासवर्ड लावलेला नसला तरी. असा बोर्ड जळला की आतली डिस्क दुसऱ्या डब्यात घालून वाचता येत नाही. डब्ल्यूडी माय पासपोर्टला ही हार्डवेअर कूटबद्धता आहे. बँकेच्या कागदांना चांगली, वाचनालयाच्या अंकांना तिची गरज नाही. पासवर्ड तर मुळीच लावू नका. दहा वर्षांनी समिती बदललेली असेल.

क्षमता ४ टीबी घ्या. २ टीबीची डिस्क विंडोजमध्ये १.८१ दिसते आणि तुमची ३६ हजार पानं १.८ टीबी, म्हणजे विंडोजच्या मापानं १.६४. मावतात, पण ओसीआरच्या पीडीएफला जागा उरत नाही. ५ टीबीच्या मागं लागू नका, २.५ इंची डब्यात ५ टीबी बसवायला पाच तबकड्या आणि दहा हेड लागतात. हलणारे भाग जेवढे कमी तेवढं बरं. दोन डिस्क दोन वेगळ्या कंपन्यांच्या घ्या. एकाच दुकानातनं एकाच दिवशी घेतलेल्या दोन सारख्या डिस्क एकाच घाण्यातल्या असू शकतात, आणि त्यांचा दोषही मग एकच असतो.

बिलावर सीरियल नंबर घालून मागा. आणि वॉरंटी तीन वर्षांची असो वा पाच, ती डिस्कची असते, आतल्या पानांची नाही.

मलप्रभाकाठ (खानापूर)

खूप आभार सगळ्यांचे. समितीला हे छापून दाखवतो. कट-पेस्टचा विचार सोडला.

दोन शंका. वाचनालयात आधीची एक ५०० जीबीची पोर्टेबल डिस्क आहे. ती कॅबिनेटच्या पुढच्या सॉकेटला लावली तर ३६ एमबी/सेकंद मिळतात, मागच्या निळ्या सॉकेटला कधी ९५, कधी पुन्हा ३६. केबल तीच. असं का होतंय? दुसरं, तिला क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम) लावलं तर पिवळं "कॉशन" येतंय. "करंट पेंडिंग सेक्टर काउंट" ओळीच्या शेवटच्या रकान्यात बरीच शून्यं आणि मग १० आहे. तिच्यावर १२० जीबी पानं आहेत.

टिळकवाडी_रिकव्हरी

दुसऱ्या शंकेपासून सुरू करतो, कारण ती तातडीची आहे. तो १० म्हणजे दहा नव्हे. क्रिस्टलडिस्कइन्फो शेवटचा रकाना सोळाच्या पायात दाखवतं, तिथला १० म्हणजे आपले १६. मेन्यूत फंक्शन, त्यात अॅडव्हान्स्ड फीचर, त्यात रॉ व्हॅल्यूज, तिथं १० डेक निवडा, म्हणजे साधे आकडे दिसतील. १६ सेक्टर म्हणजे आतल्या ४ केबीच्या दोन जागा (एकेका जागेत ५१२ बाइटचे आठ), आणि त्या डिस्कला वाचता येत नाहीत. कदाचित एका पानाचा तुकडा तिथं असेल, कदाचित रिकामी जागा असेल.

आज करायचं ते एवढंच: त्या डिस्कवर काही नवीन लिहू नका, चेकडिस्क चालवू नका, आधी सगळं दुसरीकडं कॉपी करा. चेकडिस्कचा खराब सेक्टर शोधणारा पर्याय आजारी डिस्ककडनं तासन्‌तास काम करून घेतो आणि फायलींची बांधणीही बदलू शकतो. टेराकॉपी या प्रोग्रॅमनं कॉपी केली तर न वाचलेली फाईल बाजूला टाकून पुढं जाता येतं आणि शेवटी यादी मिळते. त्या यादीतली पानं डी ड्राइव्हवर आहेत का बघा. नसतील आणि मूळ कागद उघडण्यासारखा असेल तर तेवढंच पान पुन्हा स्कॅन करा.

सगळं निघाल्यावर डिस्कला पूर्ण फॉरमॅट द्या, क्विक नव्हे. लिहिताना डिस्क त्या जागा एकतर सुधारते, नाहीतर राखीव जागेत वळवते. पेंडिंग शून्य होईल, वरची "रीअलोकेटेड" ओळ कदाचित वाढेल. वाढून तिथंच थांबली तर ती डिस्क गाणी, सिनेमे, अशा कामाला चालते. वाचनालयाच्या कामाला नाही.

उद्यमबाग_हार्डवेअर (बेळगाव)

पहिल्या शंकेचं सांगतो. तुमच्या डिस्कला तो रुंद चपटा सॉकेट असेल, मायक्रो-बी म्हणतात तो. नीट बघा, त्याचे दोन भाग आहेत: एक मोठा, जुन्या मोबाईलच्या चार्जरसारखा, आणि त्याला चिकटून दुसरा छोटा. मोठ्या भागात यूएसबी २ च्या तारा, छोट्या भागात यूएसबी ३ च्या पाच. प्लग किंचित तिरका बसला की मोठा भाग लागतो, छोटा लागत नाही. डिस्क चालू होते, फायली दिसतात, काहीच चुकलंय असं वाटत नाही, पण वेग ३६. पूर्ण सरळ दाबून बसवा, मग जोडा. तरीही खेळ चालू राहिला तर केबल बदला. हा सॉकेट सैल होणं हे या डिस्कांचं नेहमीचं दुखणं आहे. नवीन घेताना शक्य असेल तर सी प्रकारच्या सॉकेटची घ्या.

सी प्रकारातही एक फसगत आहे. मोबाईलच्या खोक्यात येणारी चार्जिंगची केबल बहुतेक वेळा आतनं यूएसबी २ चीच असते. १००० ची एसएसडी त्या केबलनं ४० देते. एसएसडीबरोबर आलेली केबल तिच्याच डब्यात ठेवा, दुसऱ्या कुणाला देऊ नका.

पुढच्या सॉकेटला ३६ मिळतात कारण जुन्या कॅबिनेटला पुढं यूएसबी २ च असतं. तिथं आणखी एक अडचण म्हणजे वीज. यूएसबी २ चं सॉकेट ५०० मिलिअँपियर द्यायला बांधलेलं, यूएसबी ३ चं ९००. हार्ड डिस्कची मोटर सुरू होताना क्षणभर १ अँपियरच्या आसपास ओढते. आतली लांब तार आणि सैल सॉकेट असेल तर व्होल्टेज पडतं, मोटर फिरते-थांबते आणि टक-टक येते. डिस्क निरोगी असूनही मेल्यासारखी वाटते. हार्ड डिस्क नेहमी मागच्या, थेट मदरबोर्डावरच्या सॉकेटला लावा, मधे हब नको.

लाईटचं म्हणाल तर डेस्कटॉप यूपीएसवर हवाच. कॉपी चालू असताना वीज गेली की हार्ड डिस्क तबकडीच्या उरलेल्या फिरण्यातनं वीज घेऊन हेड जागेवर नेते, त्यामुळं यंत्र सहसा वाचतं. अर्धी लिहिलेली फाईल वाचत नाही. डिस्क फॉरमॅट करताना निवडायच्या पद्धतींपैकी एनटीएफएस फोल्डरांची नोंदवही आधी लिहून ठेवतं, त्यामुळं बांधणी सावरते. एक्सफॅटकडं अशी नोंदवही नाही. सांभाळायच्या दोन्ही डिस्क एनटीएफएसच करा.

वेदगंगा (निपाणी)

बेळगावला मुद्रितशोधन मॅकवर होत असेल तर ने-आणीच्या एसएसडीला एक्सफॅट करा. मॅक एनटीएफएस वाचतो, पण लिहीत नाही. एक्सफॅटचा धोका तिथं चालतो, कारण तिच्यावरचं सगळं घरी दुसरीकडं आहेच. देवनागरी फाईलनावं दोन्हींत चालतात.

शनिवारची रीत मी अशी सुचवेन. प्रत्येक अंकाचा फोल्डर पूर्ण झाला की त्याच दिवशी वाचनालयातच टेराकॉपीनं त्याची एसएचए-२५६ यादी करून त्याच फोल्डरात ठेवा. ही यादी म्हणजे प्रत्येक पानाचा ठसा; एक बाइट बदलला तरी ठसा जुळत नाही. मग पहिल्या हार्ड डिस्कवर आणि एसएसडीवर कॉपी. कॉपी झाल्यावर लगेच तपासू नका, कारण विंडोज कधी कधी नुकतीच लिहिलेली फाईल रॅममधनंच वाचून "बरोबर आहे" म्हणतं. सुरक्षित काढा, हार्ड डिस्क असेल तर दहा सेकंद तशीच टेबलावर राहू द्या म्हणजे तबकडी थांबेल, पुन्हा जोडा आणि मग यादीवरनं तपासा. ९० जीबी तपासायला आणखी १४-१५ मिनिटं. वेगाच्या नावाखाली लोक हीच पंधरा मिनिटं वाचवतात, आणि अर्धवट उतरलेलं पान वर्षानं कुणीतरी उघडल्यावर कळतं.

फ्रीफाईलसिंक (डावीकडचा फोल्डर उजवीकडच्याशी जुळवणारा प्रोग्रॅम) वापरणार असाल तर "मिरर" निवडू नका. डावीकडं चुकून पुसलेला फोल्डर तो उजवीकडूनही पुसतो. "अपडेट" निवडा.

जांबोटी_घाटवाट

ओलीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्या बाजूला पावसाळ्यात कपाटातल्या पुस्तकांना आठ दिवसांत बुरा धरतो, डिस्कचं वेगळं काय होणार? साध्या हार्ड डिस्कला हवेसाठी एक बारीक भोक असतं, त्याच्यावर कागद किंवा चिकटपट्टी लावायची नाही. बोर्डावरचे आणि सॉकेटचे तांब्याचे संपर्क ओलीनं काळे पडतात.

रबराची कड असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात रंग बदलणारं सिलिका जेल पातळ कापडाच्या पुरचुंडीत घाला. दोन डिस्कांच्या डब्याला ५० ग्रॅम पुरे. निळं गुलाबी झालं, किंवा नारिंगी हिरवं झालं, की त्याचं काम संपलं. १०० ते १२० अंशांवर तास-दोन तास तापवलं की पुन्हा वापरता येतं. निळ्यात कोबाल्ट असतो, त्यामुळं स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. डबा भिंतीला टेकवून ठेवू नका, आणि एसीच्या खोलीतनं भर पावसात आणलेली डिस्क लगेच लावू नका. आत दव धरलेलं असतं. तासभर डब्यातच राहू दे.

वळवाचा कडकडाट सुरू झाला की जोडलेली डिस्क काढून ठेवा. यूपीएस विजेचा लोळ अडवत नाही.

आणि दुसरी डिस्क त्याच इमारतीत ठेवण्यात अर्थ नाही. २०१९च्या ऑगस्टात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा तिन्ही नद्यांना पूर होता. एक प्रत वाचनालयात, दुसरी चंदगड किंवा बेळगावात कुणा विश्वासू माणसाकडं, दुसऱ्या मजल्यावर.

मलप्रभाकाठ (खानापूर)

चंदगडला समितीतल्या एकांची बहीण आहे, तिथं ठेवता येईल. पण ती प्रत ताजी कशी ठेवायची? दर आठवड्याला जाणं होणार नाही.

टिळकवाडी_रिकव्हरी

महिन्यातनं एकदा पुरे, पण अदलाबदल करा. वाचनालयातली अद्ययावत डिस्क चंदगडला न्या आणि तिथली परत आणून तिच्यावर महिन्याची भर घाला. आणलेली भरून आणि तपासून होईपर्यंत त्या महिन्याची पानं डी ड्राइव्हवरनं पुसू नका, म्हणजे वाटेत डिस्क पडली तरी काही जात नाही. अशा फिरवण्यानं दोन्ही डिस्क आपोआप चालू होतात, नुसत्या पडून राहत नाहीत. डिस्कवर कागदी चिठ्ठी लावा: क्रमांक, शेवटची तपासणी कधी, सी५ (पेंडिंग) आणि ०५ (रीअलोकेटेड) या ओळींचे आकडे किती.

एसएसडीला मात्र कपाटात विसरू नका. वीज नसताना तिच्यातला भार हळूहळू गळतो. आयुष्यभराचं लिहिणं संपत आलेल्या साध्या एसएसडीनं ३० अंशांना एक वर्ष माहिती धरून ठेवावी, एवढीच जेडेक या मेमरी चिपांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची अपेक्षा आहे. नवी एसएसडी त्याहून कितीतरी जास्त धरते. पण काम संपल्यावर तिचा उपयोग जुन्या पानांच्या साठ्यासाठी करू नका.

नवीन डिस्क आल्यावर फायली घालायच्या आधी एच२टेस्टडब्ल्यू चालवा. तो अख्खी डिस्क भरून परत वाचतो. ४ टीबीला लिहायला ११ तास, वाचायला ११ तास, म्हणजे शनिवारी संध्याकाळी लावली की रविवारी संध्याकाळी निकाल. खोटी क्षमता दाखवणारा माल आणि पहिल्याच फेरीत मान टाकणारी डिस्क, दोन्ही तिथं पकडले जातात, आणि दुकानदार तेव्हा बदलून देतो. स्वस्तात १६ टीबीची पोर्टेबल एसएसडी म्हणून ऑनलाईन जे विकलं जातं त्यात बहुतेक एक मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं. ते भरलं की जुन्यावरच नवीन लिहिलं जातं आणि फाईलनावं मात्र सगळी दिसत राहतात.

मलप्रभाकाठ (खानापूर)

ठरलं मग. ५०० जीबी टीएलसी एसएसडी एक, ४ टीबी हार्ड डिस्क दोन वेगळ्या कंपन्यांच्या, आणि डेस्कटॉपमध्ये सॅटा डिस्क पुढच्या तिमाहीच्या वर्गणीतनं. जुन्या डिस्कवरची १२० जीबी कॉपी केली. टेराकॉपीनं दोन पानं अडकल्याचं दाखवलं, दोन्ही डी ड्राइव्हवर सापडली आणि उघडली. मायक्रो-बीचा प्लगही सरळ बसवून बघितला, मागच्या सॉकेटला आता सलग ९५ येतंय.